देवडीचा खांब

आमच्या ओसरीला चार खांब आहेत. तीन कडुनिंबाचे, घरच्याच धुऱ्यावरच्या झाडांचे. चौथा सागवानाचा, बाकीच्यांच्या दुप्पट जाड. तो उंचीला जास्त होता म्हणून बानं त्याचं बूड हातभर जमिनीत गाडलं. घरी पाहुणा आला की चहाचा कप हातात धरून त्याची नजर त्या खांबावर जातेच. "हा कोठचा?" असं तो विचारतो. मी म्हणतो, "गढीचा." तेवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं आणि गोष्ट पावसापाण्यावर, कापसाच्या भावावर जाते.

लोहारा म्हणजे आता यवतमाळच म्हणायचं. ज्या वावरांत मी पोरवयात पऱ्हाटी वेचली, तिथं एमआयडीसीची शेडं उभी आहेत. माझ्या लहानपणी हे वेगळं गाव होतं. लोहारा हे माझ्या मायचं माहेर. बाचं गाव इथून तीन कोसांवर. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. ज्या घराण्याबद्दल सांगणार आहे त्यांची माणसं अजून आहेत, चांगली आहेत, आणि आजोबाच्या काळातल्या दिवाणजीच्या वहीचा जाब नातवाला विचारावा असं मला वाटत नाही.

त्या गावात गढी होती. आमच्या वऱ्हाडात गढी म्हणजे काय हे शहरच्या वाचकाला सांगावं लागेल. गावाच्या मधोमध किंवा एका अंगाला पांढऱ्या मातीचा उंच टेकाड. त्याच्या कडेनं मातीचीच पण दोन पुरुष जाडीची भिंत, कोपऱ्यांना बुरूज. वर जायला एकच वाट आणि त्या वाटेवर मोठा दरवाजा. दरवाज्याच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. आत शिरलं की दोन्ही बाजूंना देवडी, म्हणजे राखणदारांनी, गड्यांनी बसायची जागा. त्यापुढं आवार, मग मालकांचा वाडा, मागं कोठा, कडब्याच्या गंजी, आणि जमिनीच्या पोटात ज्वारीची पेवं. पेंढाऱ्यांच्या धाडी यायच्या तेव्हा सारं गाव गुराढोरांसकट आत घेत, असं म्हातारे सांगायचे. घर, कचेरी, कोठार आणि किल्ला, सगळं एकात.

बा त्या गढीत सालदार होता. गुढीपाडव्याला साल ठरायचं. १९६६ साली त्याचं साल ३५० रुपयांचं होतं, शिवाय महिन्याची ज्वारी, एक जोडा आणि एक घोंगडं. बदल्यात पुढच्या पाडव्यापर्यंत दिवस मालकाचा. पहाटे कोठ्यातलं शेण काढण्यापासून रात्री बैलांना पेंड घालेपर्यंत. माणूस आजारी पडला, पोर आजारी पडलं, मयतीला गेला, तर तो दिवस खाडा. सालाच्या शेवटी खाडे मोजायचे आणि रुपये कापायचे. मोजणार दिवाणजी, कारण वही त्याच्याकडं.

मी शिदोरी घेऊन जायचो. दिंडीतून आत शिरायचं, देवडीत उजव्या हाताच्या खांबापाशी फडकं ठेवायचं, आणि बा येईपर्यंत तिथंच उकिडवं बसायचं. पुढं जायचं नाही. तसं कोणी मारलं-हाकललं नाही. पण मायनं सांगून ठेवलं होतं आणि मलाही ते ठाऊकच होतं, जसं विहिरीत वाकू नये हे ठाऊक असतं. आवाराच्या पलीकडं वाड्याच्या ओसरीवर नक्षीचे खांब दिसायचे. वर पोपट कोरलेले, खाली कमळं. त्या पोपटांना चोची आहेत की तुटल्या, हे मला कितीतरी वर्षं जवळून पाहायचं होतं.

ही गढी कोणी बांधली, हे गावात कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. कोणी म्हणे निजामाच्या अमलात, कोणी म्हणे भोसल्यांच्या वेळी. शाळेत इतिहासाला एक गुरुजी होते. ते म्हणाले, "देशमुखाचं घर समजून घ्यायचं असेल तर सिंदखेडराजाला जा. वऱ्हाडातल्या साऱ्या गढ्यांची ती थोरली बहीण." ही गोष्ट मी मनात ठेवली आणि पन्नास वर्षं काही गेलो नाही. शेतकऱ्याचं असंच असतं. पेरणी, डवरणी, वेचणी, उलंगवाडी, आणि मग पुन्हा नांगर.

योग आला तो अलीकडं. २०२४ च्या उन्हाळ्यात पेपरात बातमी वाचली. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या समाधीच्या दुरुस्तीचं काम चालू असताना पुरातत्त्व खात्याला खाली जुन्या शिवमंदिराचा पाया लागला, आणि आणखी खोल गेल्यावर शेषशायी विष्णूची मोठी दगडी मूर्ती. त्या हिवाळ्यात कापूस घरी आल्यावर माझा पुतण्या पुण्याहून आला होता. कंपनीच्या कामानं दोन वर्षं इंग्लंडात राहून आलेला. म्हणाला, "मोठेबाबा, गाडी आहे, चला." दारव्ह्यावरून कारंजा गाठलं, तिथं समृद्धी महामार्गावर चढलो, आणि थेट सिंदखेडराजाला उतरलो. माझ्या आज्यानं बंडीनं हा प्रवास केला असता तर त्याला आठवडा लागला असता.

वाटेत पुतण्या तिकडच्या वाड्यांबद्दल सांगत होता. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत जमीनदारांची मोठमोठी घरं आहेत. त्यांना मॅनर म्हणतात. मॅनर म्हणजे नुसतं घर नाही, त्याच्या भोवतीची जमीन आणि त्या जमिनीला बांधलेली माणसं धरून मॅनर. जुन्या काळी तिथल्या कुळांना आठवड्याचे ठरलेले दिवस मालकाच्या वावरात फुकट राबावं लागे. १०८६ साली तिथल्या राजानं सगळ्या देशाची मोजणी करून एक मोठी वही करवली. तिला डूम्सडे बुक म्हणतात. कोणत्या गावात मालक कोण, नांगर किती, गिरण्या किती, कुळं किती, सगळं लिहिलेलं. मी विचारलं, "कुळांची नावं?" तो म्हणाला, "मालकांची नावं आहेत. कुळांचे बहुतेक आकडेच."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. तूर काढणीला आली होती.

पुढं त्यानं सांगितलं ते मला जास्त नवल वाटलं. दोन महायुद्धं झाली, वारसाकर वाढला, नोकरमाणसं मिळेनात, तेव्हा तिकडचे शेकडो वाडे मालकांनी स्वतःच पाडले. १९७४ साली लंडनच्या एका मोठ्या संग्रहालयात पाडलेल्या वाड्यांचं प्रदर्शनच भरलं होतं. जे राहिले त्यांतले पुष्कळ नॅशनल ट्रस्ट नावाची संस्था सांभाळते. ती १८९५ सालची. लोक तिकीट काढून पाहायला जातात, बागेत फिरतात, चहा पितात. आणि आता तळघरातलं स्वयंपाकघरही दाखवतात. भिंतीवर घंट्यांची रांग असते. वरच्या खोलीत मालकानं दोरी ओढली की खाली त्या खोलीची घंटा वाजणार. नोकरांचा जिनाही वेगळा. पुतण्या म्हणाला, "मला तिथं आबाजींची आठवण आली." त्यानं आबाजींना पाहिलेलंही नाही. त्याच्या जन्माआधीच बा गेला.

सिंदखेडराजाचा राजवाडा मी मनात धरला होता त्याहून वेगळा निघाला. समोरचा दरवाजा मात्र खरोखर मोठा. उंच, दगडी, मान वर करून पाहावा असा. आत पायऱ्या, चिऱ्यांचे ओटे, जुन्या बांधकामाचे चौथरे, खाली तळघरं. जिजाऊंचा जन्म झाला ते दालन दाखवतात. आम्ही गेलो तो आडवारचा दिवस होता, गर्दी नव्हती. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मदिवशी मात्र तिथं लाखो माणसं जमतात, पाय ठेवायला जागा नसते. दालनाच्या उंबऱ्यावर एका बाईनं लेकीला उभं केलं, तिच्या कपाळाला तिथली माती लावली आणि काही न बोलता निघून गेली. मीही चपला काढून आत गेलो.

लखुजीराव जाधव हे या भागाचे देशमुख. जाधव घराणं आपलं मूळ देवगिरीच्या यादवांत सांगतं. निजामशाहीत त्यांचं वजन मोठं होतं. देशमुखी म्हणजे परगण्याचा वसूल गोळा करून सरकारात भरायचा, बंदोबस्त ठेवायचा, आणि त्याबदल्यात ठरलेला हक्क आणि इनाम जमिनी खायच्या. वर सुलतान बदलायचे, पण गावोगावच्या कुळांशी, पाटलांशी ज्याची ओळख तो देशमुख बदलणं सोपं नव्हतं. म्हणून ही घरं टिकली आणि म्हणूनच वरच्यांना त्यांची भीतीही वाटायची.

१५९८ साली जिजाऊ इथं जन्मल्या. जवळच रंगमहाल आहे. रंगपंचमीच्या दिवशी लहानगे शहाजीराजे आणि जिजाऊ एकमेकांवर रंग उडवताना पाहून लखुजीराव गमतीनं म्हणाले, जोडा शोभतो; आणि मालोजीराजांनी तेच धरून भर बैठकीत सोयरीक जाहीर केली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट बखरीची आहे, पण आमच्याकडं अजूनही सोयरिकी अशाच जमतात, त्यामुळं मला ती खोटी वाटत नाही.

लखुजीराव काही काळ मोगलांकडं गेले, पुन्हा निजामशाहीत परतले. १६२९ सालच्या जुलैत त्यांना दौलताबादला दरबारात बोलावलं आणि तिथं दगा करून मारलं. एकट्याला नाही. अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि यशवंतराव हा नातू, चौघांना एकाच दिवशी. मी बोटांवर महिने मोजले. शिवाजी महाराजांचा जन्म फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे बाप, दोन भाऊ आणि भाचा गेल्याची बातमी आली तेव्हा जिजाऊंना दिवस गेलेले होते. इतिहासाच्या पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत येतात, त्यामुळं एका बाईच्या एकाच वर्षात हे घडलं हे ध्यानात येत नाही.

लखुजीरावांची समाधी पाहिली. दगड-विटांची, एखाद्या मोठ्या देवळाएवढी.

पण शेतकऱ्याच्या नजरेला सिंदखेडात भरतात ते तलाव. मोती तलाव बांधला आहे तो पाहून मी तासभर पाळीवर बसून राहिलो. चिऱ्याला चिरा असा बसवलेला की मध्ये विळ्याचं टोक जाणार नाही. चांदणी तलावात मधोमध इमारत आहे. पुतळा बारव आहे, तिच्यावर मूर्ती कोरलेल्या. वाडे बांधणारे पुष्कळ झाले. वाड्याआधी पाण्याचा विचार करणारे थोडे. आमच्या गढीच्या मालकांनी सात पिढ्यांत गावाला एक विहीर दिली होती आणि तिचं पाणी उन्हाळ्यात आटायचं.

पुढं या घराचं काय झालं? १७२४ साली इथून जवळच साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कानं मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनेत निजामाचं राज्य सुरू झालं. जाधव निजामाकडं राहिले. १७५७ साली तर अशी वेळ आली की निजामाच्या बाजूचे रामचंद्र जाधव सिंदखेडात कोंडले गेले आणि बाहेरून वेढा घालणारे पेशव्यांचे मराठे, विश्वासराव आणि दत्ताजी शिंदे. जिजाऊंच्या माहेराला जिजाऊंच्या नातवा-पणतवांच्या राज्याची फौज वेढा घालून बसली. १८५१ च्या सुमाराला घराण्याची जहागीर जप्त झाली. पुढं दोनच वर्षांत निजामानं फौजेच्या कर्जापायी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं.

इंग्रजांनी वऱ्हाडात रयतवारी आणली. सारा ज्याचा त्यानं भरायचा, मध्ये देशमुख नको. वसुलीचा हक्क गेला तरी गढीवाल्यांच्या जमिनी राहिल्या. १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसात लढाई झाली, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आमच्या गावचे म्हातारे म्हणायचे की वाड्याचे नक्षीचे खांब त्या पैशाचे. म्हणजे पोपट आणि कमळं अमेरिकेतल्या लढाईनं कोरली, असं म्हणा.

दुपारी दरवाज्याच्या सावलीत भाकर सोडली तेव्हा पुतण्या म्हणाला, "मोठेबाबा, हा वाडा का टिकला? आपल्याकडच्या गढ्या तर सगळ्या पडल्या." मला उत्तर शोधावं लागलं नाही. हा वाडा लेकीच्या नावावर टिकला. सात पराक्रमी पुरुष होऊन गेले असते आणि जिजाऊ इथं जन्मल्या नसत्या, तर या चिऱ्यांचे केव्हाच कोणाच्या तरी घराचे जोते झाले असते. माझ्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. आत शिरल्यापासून मी देवडी शोधत होतो. दरवाज्याच्या आत दोन्ही बाजूंना बसायच्या जागा आहेत. उजव्या हाताच्या जागेवर जाऊन मी बसलो. पुतण्यानं फोटो काढला.

आमच्या गढीची गोष्ट फार लांबची नाही, मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. १९५८ साली विदर्भाचा कूळकायदा आला. जे कूळ म्हणून जमीन वाहत होते, त्यांतले काहीजण मालक झाले. पण सालदार हा कूळ नसतो. तो गडी. चौदा सालं त्याच मातीत नांगर धरूनही बाचं नाव तलाठ्याच्या कोणत्याच कागदावर नव्हतं. १९६१ साली कमाल जमिनीचा कायदा आला. त्यातून वाचायला गढीच्या जमिनी लेकांच्या, सुनांच्या, जावयांच्या नावानं झाल्या. काही, असं गावात म्हणत, बैलांच्याही नावानं झाल्या असत्या. १९७५ साली मर्यादा आणखी खाली आली, कोरडवाहूला ५४ एकर. तोवर मालक वारले होते. मुलं अमरावती-नागपूरला नोकरीला. वाटण्या झाल्या. गढीत उरल्या त्या एकट्या बाईसाहेब, मालकांच्या विधवा, आणि एक आंधळी म्हैस.

बा त्याआधीच सुटला होता. १९७२ च्या दुष्काळात सरकारनं रस्त्याची कामं काढली. खडी फोडायची, मापं टाकायची आणि हप्त्याला पैसे घ्यायचे. बा आयुष्यात पहिल्यांदा रोख मजुरी मोजून घरी आला. ते पैसे त्यानं मायच्या पदरात टाकले आणि म्हणाला, "खाडा नाही काय नाही. गेलो तं पैसे, नाही गेलो तं नाही." त्या पाडव्याला तो गढीवर साल ठरवायला गेला नाही. आम्ही मामाच्या आधारानं लोहाऱ्याला आलो. पुढं तीन एकर झाले. दुष्काळानं लोकांचं नुकसान झालं हे खरं, पण आमच्या घराला सुटका मिळाली तीही दुष्काळातच. हे मी कोणाला सांगितलं की ऐकणारा अवघडतो.

१९७५ ला मी दहावी झालो. अकरावीची मॅट्रिक मोडून दहावीची परीक्षा आली ते पहिलंच वर्ष. पुढं शिकणं झालं नाही. १९७६ च्या उन्हाळ्यात निरोप आला की बाईसाहेब गढीचं लाकूड विकताहेत, बाला बोलावलं आहे. आम्ही बापलेक बंडी घेऊन गेलो. पहिल्यांदाच मी आवार ओलांडून ओसरीपर्यंत गेलो. पोपट पाहिले. चोची शाबूत होत्या. एकाच्या चोचीत कोरलेली मिरची होती, ती खालून दिसत नसे.

बाईसाहेब ओसरीत बसल्या होत्या. बाला म्हणाल्या, "व्यापारी परवा येतो. तू चौदा सालं केली इथं. तुला पाहिजे ते एक लाकूड ने." मला वाटलं बा नक्षीचा खांब मागणार. तो म्हणाला, "देवडीतला उजव्या अंगाचा द्या." बाईसाहेब म्हणाल्या, "अरे तो साधा आहे." बा म्हणाला, "हाओ. थोच पाह्यजे."

माणसं खांब काढत होती तोवर मी आवारात फिरलो. दिवाणखान्यातल्या वह्या बाहेर ढीग घालून ठेवल्या होत्या. किराणा दुकानदार पुड्या बांधायला नेणार होता. जुन्या सगळ्या मोडी लिपीतल्या, मला अक्षर लागेना. वरच्या अलीकडच्या, बाळबोध. त्यांत एक १९६६-६७ ची निघाली. सालदारांची खाती. पाचव्या पानावर बाचं नाव होतं. खाली अंगठा. खाडे १९. कापले रुपये १९. मी ते पान फाडून खिशात घातलं. चोरीच म्हणायची.

घरी येताना वाटेत मी विचारलं, "नक्षीचा काऊन नाही घेतला?"

"नक्षी काय चाटाची हाय?"

मग मी पान काढून वाचून दाखवलं. बानं बैल थांबवले. खाली उतरला आणि बंडीत आडव्या पडलेल्या खांबाची मागची बाजू, जी देवडीत भिंतीकडं असायची ती, हातानं पुसली. तिथं विळ्यानं केलेल्या खाचा होत्या. चार ओळी. एक ओळ म्हणजे एक साल. त्याआधीच्या सालांच्या खाचा कुठं, असं विचारलं तर म्हणाला, आधी सुचलंच नव्हतं. बानं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "मोज." मी मोजल्या. अकरा.

"मंग दिवाणजीले बोलला काऊन नाही?"

"बोलून काय करतो? वही त्यायची. मी म्हनलं असतं अकरा, थो म्हनला असता दाखव. खांब उपटून दाखवतो काय?"

आठ रुपयांचा फरक. आज हसू येईल. तेव्हा तेवढ्यात माझी वर्षभराची पुस्तकं आणि पाटी आली असती. पुस्तकं त्या साली मामानं दिली होती, हे मला तिथं बंडीवर बसल्यावर आठवलं.

मालकांना हे ठाऊक होतं का? बाचं म्हणणं होतं, नव्हतं. दिवाणजी वरचे रुपये स्वतःच ठेवायचा. मला ते पटत नाही. चोर दिवाणजी ठेवणं हेही मालकीचंच एक अंग असतं. पण बा मरेपर्यंत मालकांना वाईट बोलला नाही, आणि बाईसाहेब वारल्या तेव्हा तीन कोस चालत मातीला गेला.

खांब गेला, दरवाजा गेला, मग गढीवर पाऊस लागला. मातीच्या भिंतीवर छप्पर नसलं की दोन पावसाळे पुरतात. पांढरीची माती खताला चांगली, शेकडो वर्षांची राख, शेण, माणसांचा वावर तिच्यात मुरलेला. सारं गाव बंड्या भरभरून ती माती वावरात नेऊ लागलं. गव्हाला टाकली, हळदीला टाकली. जी काळी माती पिढ्यान्‌पिढ्या पांढरीला पोसत होती, तिच्यात पांढरी परत गेली. गावातल्या भावकीनं बाला म्हटलं, तूही ने की चार बंड्या. बानं नेल्या. चार नाही, चाळीस. मी मोजल्या होत्या. तीन एकरांत पसरल्या. पुढची तीन वर्षं पऱ्हाटी कमरेच्या वर होती.

सिंदखेडहून परतताना आम्ही वाट वाकडी करून त्या गावात गेलो. टेकाड आता माणसाच्या उंचीचं राहिलं आहे. त्याच्यावर नळयोजनेची टाकी उभी आहे. गढीवरून अखेर गावाला पाणी मिळतं आहे, हे पाहून मला बरं वाटलं. टाकीच्या कडेनं तरोटा माजलेला, सीताफळाची झाडं. पुतण्यानं विचारलं, आबाजी कुठं बसायचे? देवडीची जागा मी अंदाजानं दाखवली. तिथं एक बाभूळ होती आणि तिच्या सावलीत दोन पोरं मोबाइल पाहत बसली होती.

लोहाऱ्याला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. गाडीतून उतरल्या उतरल्या पुतण्या ओसरीत गेला आणि मोबाइलचा उजेड पाडून खांबाची मागची बाजू पाहू लागला. लहानपणापासून तो या खांबाला टेकून बसलेला, पण मागं कधी पाहिलं नव्हतं आणि मीही कधी दाखवलं नव्हतं. त्यानं दुसरी ओळ मोजली. म्हणाला, "मोठेबाबा, अकराच आहेत. पण यातली एक उभी आहे. बाकीच्या आडव्या."

ती उभी का, हे मी बाला विचारलं होतं. त्यानं सांगितलं नाही. मायनं सांगितलं. त्या वर्षी श्रावणात, डवरणीच्या ऐन दिवसांत, बानं एक खाडा केला होता. त्या दिवशी माझा धाकटा भाऊ जन्मला.

"म्हणजे आमचे बाबा?" पुतण्या म्हणाला आणि त्या खाचेवर अंगठा ठेवून उभा राहिला.

आतून भावाचाच आवाज आला, "काय चाललं रे तिकडं अंधारात? हातपाय धुवा, भाकर थंडी होऊन राह्यली."